पायरीवर आणलेलं नाव

नागपूरच्या महालात भोयर मॅचिंग सेंटर कुठं आहे असं विचारलं, तर सांगणारा दुकानाची पाटी शोधत बसत नाही. "देवकीताईचं दुकान पाह्यजे का? त्या पाहा, पायरीवर कपडा धरून उभ्या आहेत, त्याच," असं म्हणून तो पुढं जातो. आणि देवकी खरोखरच पायरीवर असते. दुकान एका खणाचं. आत दोन ट्यूबलाइट, तिन्ही भिंतींना छतापर्यंत ब्लाउजच्या रुबियाचे, अस्तराचे, परकराच्या कापडाचे गठ्ठे, रंगाला रंग लावून रचलेले. पण ट्यूबच्या उजेडावर देवकीचा काडीचा विश्वास नाही. गिऱ्हाइकानं साडी पुढ्यात टाकली की ती गठ्ठ्यांमधून नुसत्या नजरेनं चार-सहा तुकडे ओढते आणि साडीसकट गिऱ्हाइकाला बाहेर पायरीवर घेऊन येते. तिथं साडीवर एकेक तुकडा ठेवायचा, आणि मग रस्त्यानं जी कुणी बाई जात असेल तिला थांबवायचं.

"ओ ताई, पाहा बरं जरासं, जाते का हा याच्यावर?"

जाणारी बाई थांबते, मान तिरपी करून पाहते, मत देते आणि पुढं जाते. दुचाकीवाल्यांचा हॉर्न वाजत राहतो, कुणी वळसा घालून जातं, कुणी पुटपुटतं. देवकीला त्याचं काही नाही. रंग आत ठरत नाही, उजेडात ठरतो. आणि एकट्यानं ठरत नाही, चार डोळ्यांनी ठरतो, हा तिच्या धंद्याचा नियम. या नियमावर तिनं दुकान चालवलं, आजारी आईचं सगळं केलं आणि धाकट्या भावाला, प्रीतमला, इंजिनिअर केलं.

वडील गेले तेव्हा ती नववीत होती. प्रीतम तर इतका लहान, की दुपारी अस्तराच्या गठ्ठ्यावर झोपायचा आणि उठल्यावर गालावर कापडाची वीण उमटलेली असायची. देवकीची शाळा सुटली ती सुटलीच. लग्नाचंही पुढं पुढं गेलं आणि मग कुणी विषय काढेनासं झालं. इंग्रजी तिला आलं ते मिलच्या शेड कार्डांवरून आणि सुरतेहून येणाऱ्या एजंटांच्या तोंडून. जुनी गिऱ्हाइकं अजून वांगी, कांदा, गजरी, रामा असेच रंग मागतात. पण कार्डावर सगळी नावं इंग्रजी. ती नावं तिनं कानानं शिकली. त्यामुळे शब्द लहान की मोठा, विद्वानाचा की हमालाचा, हे तिला कधी कळलं नाही. कळला तो फक्त आवाज.

आणि आवाजाबद्दल तिची मतं ठाम होती. 'मरून' हा शब्द तिला कुणी तोंडावर दार लावल्यासारखा वाटे. 'बेज' म्हणजे घशात केस अडकला. 'मॉव्ह' म्हणजे मांजर शिंकलं. 'टर्क्वॉइज' म्हणजे भाव करत ठाण मांडून बसलेली बाई, काही केल्या हलत नाही. 'अंब्रेला' मात्र फार देखणा. तो तिला घेरदार परकरामुळे भेटला होता, आणि छत्रीशी त्याचा काही संबंध आहे हे तिला फार नंतर कळलं. तोवर तो तिच्या लेखी परकराचाच झाला होता. पण सगळ्यांत सुंदर शब्द एकच, लॅव्हेंडर. तो म्हणताना जीभ वर जाते, ओठ दाताला टेकतो आणि मग सगळं हळूच खाली येतं. झोपलेलं लेकरू मांडीवरून गादीवर ठेवावं तसं, असं तिचं म्हणणं.

या फेब्रुवारीत देवकीचं कशातच लक्ष नव्हतं. लग्नसराई होती, दुकानात उभं राहायला जागा नव्हती, आणि ती मात्र कपडा मापता मापता थांबून मोबाईल पाहत होती. प्रीतमला मुलगी झाली होती. त्याची बायको मोनाली बाळंतपणाला माहेरी, मौद्याला गेली होती. प्रीतम प्रताप नगरच्या फ्लॅटमधून सुट्टीच्या दिवशी तिकडे जाऊन येई. बारसं येत्या रविवारी मौद्यालाच ठरलं होतं. देवकी बाळंतविडा घेऊन एकदा जाऊन आली होती, बाळाला मांडीवर घेतलं होतं. पण नावाचं कुणी काही बोललंच नव्हतं.

बाळाचं नाव ठेवायचा मान आत्याचा. पूर्वी आत्या नाव मनात ठरवून यायची, पाळण्याशी वाकून बाळाच्या कानात सांगायची, आणि तोवर ते कुणाला ठाऊक नसायचं. हल्ली आईबाप नाव आधीच ठरवतात आणि आत्याला फक्त वाकायचं असतं. शेजारच्या गल्लीतल्या बारशात तर देवकीनं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं: आत्याला नाव ऐनवेळी व्हॉट्सअ‍ॅपवर आलं, आणि बिचारीनं चष्मा लावून मोबाईलमध्ये पाहून ते बाळाच्या कानात वाचलं. सगळ्या हसल्या. देवकीही हसली, पण घरी आल्यावर ते तिच्या मनातून गेलं नाही. प्रीतमला मुलगी झाल्यापासून तर एकच प्रश्न तिच्या डोक्यात भुंग्यासारखा फिरत होता. नाव ठेवायला आपल्याला विचारतील, की नुसतं कानात सांगायला बोलावतील?

स्वतःहून विचारणं तिच्यानं होत नव्हतं. मान मागून घ्यायचा असतो का?

"ताई, तुम्ही मोबाईल मापून राहिल्या का कपडा?" आतून अंजनाबाईंनी विचारलं. अंजनाबाई दुकानाच्या कोपऱ्यात मशीनवर फॉल-पिकोचं काम करत. वयानं देवकीहून थोड्या मोठ्या, जीभ त्याहून मोठी. "त्या बाईले पिस्ता पाह्यजे होता. तुम्ही मेहंदी फाडून देल्ला."

"अवं मायबाई!" देवकीनं कपाळावर हात मारला. "आता हा तुकडा कोणाच्या माथी मारू?"

"ठेवा. पोट्टीच्या झबल्याले होईन. फोन आला का मौद्याहून?"

"नाही."

"मग लावा तुम्हीच."

"कायले लावू? त्याइले गरज असन तर लावतीन."

समोरच्या बांगड्यांच्या दुकानातून दादाजींनी मान वर केली. दादाजी एसटीच्या वर्कशॉपातून निवृत्त झालेले. पुतण्याच्या दुकानात बसायला म्हणून बसत आणि दिवसभर देवकीच्या पायरीकडे पाहत. "काय देवकीबाई, ठरलं का नाव?"

"ठरवणारी मी कोण, दादाजी?"

"तूच ना गा आत्या!" बोलण्याच्या भरात दादाजींच्या तोंडून बाईलाही 'गा' निघून जाई. "विचारो का न विचारो, आपण तयारीत राहावं. ऐनवेळी म्हणतीन, सांगा आत्याबाई, तं तू काय सांगशीन?"

ही गोष्ट देवकीला पटली. पटली म्हणण्यापेक्षा ती पटवून घ्यायला ती आसुसलीच होती. नाव तर तिच्या मनात केव्हाचं होतं. मुलगी झाल्याचा फोन आला त्या क्षणीच ते जिभेवर आलं होतं. फक्त ते अजून आतल्या उजेडात होतं. बाहेर नेऊन पाहिलं नव्हतं.

त्या दुपारी पायरीवर पाच-सहा बायका जमल्या होत्या. एकीची अबोली साडी होती, तिच्यावर दोन तुकडे ठेवून चर्चा चालली होती. देवकीनं मध्येच विचारलं, "बाप्पा, एक सांगा. इंग्रजीतला सगळ्यांत गोड शब्द कोणता? अर्थ नाही पाहाचा. नुसता आवाज."

"असं कसं वं?" एक म्हणाली.

"असंच. डोळे मिटा आन् ऐका."

"मले तं 'हाफ डे' गोड वाटते," आतून अंजनाबाई ओरडल्या.

"तो अर्थ झाला, अंजनाबाई."

"अर्थ सोडून शब्द कसा ऐकू? शेंगा फोडून टरफल खाऊ का?"

कॉलेजात जाणाऱ्या एका मुलीनं 'बटरफ्लाय' सांगितला. देवकीनं तो दोनदा म्हणून पाहिला आणि मान हलवली. सुरुवात चांगली, पण पुढं शब्द तुटतो, म्हणाली. दुसरी म्हणाली, 'व्हॅनिला'. हा देवकीला बरा वाटला, फक्त म्हटलं की भूक लागते. एका बाईनं लाजत लाजत 'डार्लिंग' सांगितला आणि सगळ्या हसून हसून पायरीवर बसल्या.

"घरी कोणी म्हणते का तुले?" अंजनाबाईंनी मशीन थांबवून विचारलं.

"टीव्हीत ऐकलं वं!"

दादाजींना राहवलं नाही. ते दुकानातून उठून रस्त्याच्या मधोमध आले. "डिफरन्शियल," ते म्हणाले, आणि सगळ्यांकडे पाहिलं. "म्हणून पाहा. डिफ-रन्-शियल. तोंडात इंजिन सुरू झाल्यावानी वाटते. सगळ्या गाडीत याच्याहून सुंदर शब्द नाही."

"त्याले ग्रीसचा वास येते, दादाजी," देवकी म्हणाली. "आता माझा ऐका." तिनं हातातला तुकडा खाली ठेवला, पदर सावरला, जणू कुणाची ओळख करून द्यायची आहे. "लॅव्हेंडर."

एकदोघींनी ओठांतल्या ओठांत म्हणून पाहिला. मग अबोली साडीवाली म्हणाली, "चांगला आहे वं."

"आन् पोरीले शोभन का? नाव म्हणून? लॅव्हेंडर प्रीतम भोयर?"

मग काय विचारता! जिला घाई होती तीही थांबली. एकीनं घरी 'लॅवू' म्हणता येईल असं सांगितलं. एकीचं म्हणणं, शाळेत पोरं चिडवतील. कॉलेजातली मुलगी म्हणाली, एकदम युनिक आहे. देवकी प्रत्येकीच्या तोंडाकडे पाहत होती, जसं ती साडीवर तुकडा ठेवल्यावर पाही, आणि कित्येक दिवसांत प्रथमच तिला जरा मोकळं वाटत होतं. पायरीच्या कडेला एक निळ्या साडीतली पोक्त बाई उभी होती. तिनं परकराचं कापड घेतलं होतं. तिनं मत दिलं नाही, पण विचारलं मात्र, "कोणाची पोरगी म्हणता?"

"माझ्या भावाची! मौद्याले आहे सध्या. रविवारी बारसं."

"हो का," निळ्या साडीतली बाई म्हणाली, पैसे देऊन पिशवी घेऊन निघून गेली.

संध्याकाळी दुकान आवरताना प्रीतमचा फोन आला. स्क्रीनवर त्याचं नाव पाहून देवकीनं हातातलं कापड ठेवलं. तिनं हात पदराला पुसले, मग फोन उचलला.

"ताई, तू पोरीचं नाव लॅव्हेंडर ठेवून राहिली का?"

"तुले कोणं सांगतलं?"

"मले? मौद्यात सगळ्याइले माहीत झालं! मोनालीची काकू तुझ्या दुकानात आली होती दुपारी. परकर घ्याले. तू ओळखलं नाही तिले?"

देवकीला निळी साडी आठवली. प्रीतमच्या लग्नात त्या बाईला तिनं पाहिलं असेलही. पण लग्नात सगळ्याच बायका सारख्या नटलेल्या होत्या.

"ती घरी येऊन सांगून राहिली, म्हणे आत्यानं पूर्ण महालाले विचारलं, नाव कसं वाटते म्हणून. आन् सासूबाई म्हणते, लॅव्हेंडर तं आमच्या फिनाइलच्या बाटलीवर लिहिलं आहे. तेव्हापासून सगळे हसून राहिले. मोनाली रडून राहिली." प्रीतमचा आवाज वर चढला. "ताई, कानात सांगाचं नाव कोणी बाजारात विचारते का?"

"मी ठेवलं नाही गा. नुसतं विचारून राहिली होती. मले वाटलं, तुम्ही दोघांनी ठरवलं असन. तू मले एकदा तरी बोलला का, ताई, नाव तू ठेव म्हणून?"



"त्यात काय विचाराचं, ताई?" प्रीतम म्हणाला. आवाज खाली आला होता. त्याला खरंच नवल वाटलं होतं. "तू नाही ठेवशीन तं कोण ठेवन? मी तं पहिल्याच दिवशी सगळ्याइले सांगून देल्लं, नाव ताई ठेवते."

म्हणजे मान तिचाच होता. पहिल्या दिवसापासून होता. फक्त तिला सांगायचं कुणाला सुचलं नव्हतं, कारण त्यात सांगण्यासारखं काही आहे असं भावाला वाटलंच नव्हतं. देवकी गठ्ठ्यावर बसली. तिला आनंद व्हायला हवा होता. झालाही. पण त्या आनंदाला कुठं टेकायला जागा सापडेना. कारण जे नाव द्यायचं होतं ते तिनं आपल्याच हातानं रस्त्यावर टाकलं होतं, आणि फोन ठेवल्यावर तिच्या लक्षात आलं की एक गोष्ट विचारायची राहून गेली. फिनाइलवरून घरातल्या बायका हसल्या, ते समजलं. मोनाली का रडली?

शनिवारपर्यंत देवकी शब्द शोधत होती. गिऱ्हाईक समोर असताना शोधत होती, पोळ्या लाटताना शोधत होती. जुनी शेड कार्डं काढून बसली, पण एकेक शब्द जिभेवर घेतला की त्याच्यामागून कुणाचं तरी हसू ऐकू येई. कोरल, म्हणून पाहिला. काकू म्हणेल, साबण. पर्ल, टूथपेस्ट. इंडिगो, विमान. जगातला प्रत्येक सुंदर शब्द कुठल्या ना कुठल्या बाटलीवर, पुड्यावर, गाडीवर आधीच लिहून ठेवलेला होता. अंजनाबाईंनी दोनदा विचारलं, आता काय ठेवता? देवकी नुसती कार्डं उलटत राहिली. पायरीवरही ती नेमकं कामापुरतं बोलली. दादाजींनी समोरून "डिफरन्शियल!" म्हणून हाळी दिली, तेव्हा तिनं नुसता हात हलवला. दादाजींना वाटलं, आपलंच काही चुकलं.

रविवारी सकाळी ती गणेशपेठच्या स्टँडवरून एसटीनं निघाली. पिशवीत बाळाचं कुंची-झबलं, मोनालीला साडी, प्रीतमच्या सासरच्या बायकांना ब्लाउजपीस. सगळं नीट, सगळं जुळवलेलं. फक्त नाव नव्हतं. गाडी मौद्याला पोचेस्तोवर तिनं खिडकीतून दिसणारी प्रत्येक इंग्रजी पाटी वाचली. वाचता येत होती तेवढी वाचली. मोठ्या वीजकेंद्राच्या चिमण्या दिसायला लागल्या तेव्हा ती पिशवी घेऊन दाराशी जाऊन उभी राहिली.

दारात मोनालीची आई, जयवंताबाई, उभ्या होत्या. चांगल्या उंचनिंच, नथ घातलेल्या. पायावर पाणी घातलं, आणि हसत हसत म्हणाल्या, "या आत्याबाई. नाव आणलं का, का महालातच इसरून आल्या?"

मागे काकू तोंडाला पदर लावून उभी होती.

"बाजारातलं बाजारातच राह्यलं, जयवंताबाई," देवकी म्हणाली. "तुमची बाटली तुम्हाले मुबारक."

जयवंताबाईंना हे उत्तर आवडलं असावं. त्यांनी तिच्या हातातली पिशवी घेतली. अंगणात मांडव घातला होता, पाळण्याला झेंडूच्या माळा बांधणं चाललं होतं, मोठ्या गंजात घुगऱ्या शिजत होत्या. प्रीतम खुर्च्या लावत होता. बहिणीला पाहून तो लांबूनच लहानपणीसारखा हसला. त्याला वाटत होतं, ताई आली म्हणजे नाव आलं.

मोनाली आतल्या खोलीत बाळाला पाजून बसली होती. ती प्रताप नगरजवळच्या एका इंग्रजी शाळेत शिकवते. बोलते कमी, आणि देवकीशी तर फारच जपून. देवकी तिच्याशेजारी टेकली. बाळ झोपलं होतं, एक मूठ कानाशी धरून.

"ताई, ठरलं का मग?" मोनालीनं विचारलं. खाली पाहूनच विचारलं.

"खरं सांगू? रिकामी आली मी." देवकीनं तिच्याकडे पाहिलं. "तू रडली म्हणते प्रीतम. माझ्या लॅव्हेंडरपायी ना? राहू दे ते नाव. मी काही..."

"मी लॅव्हेंडरसाठी नाही रडली, ताई."

"मग कायले रडली वं?"

मोनाली दुपट्याची कड बोटाला गुंडाळत राहिली. बाहेर कुणीतरी स्टीलची परात पाडली, कुणीतरी ओरडलं. मग ती म्हणाली, "मले कोणी विचारलंच नाही."

देवकीला हे वाक्य ओळखीचं होतं. अगदी याच शब्दांत ते इतके दिवस तिच्या छातीत बसून होतं. दुकानात, मोबाईल पाहताना, मेहंदी रंग फाडताना. ते दुसऱ्या कुणाच्याही छातीत असू शकेल, आणि तेही पोरीच्या आईच्याच, हे तिला एकदाही सुचलं नव्हतं. प्रीतमनं पहिल्याच दिवशी सगळ्यांना सांगून टाकलं होतं, नाव ताई ठेवते. सगळ्यांना म्हणजे मोनालीलाही. सांगून टाकलं होतं.

"आहे का तुझ्या मनात काही?" देवकीनं हळू विचारलं.

"आहे. पण ते तुमचा मान..."

"मान राहू दे बाजूले. सांग."

मोनालीनं दाराकडे पाहिलं, कुणी नाही अशी खात्री केली. "आयरिस."

देवकीच्या कानानं तो शब्द घेतला आणि ताबडतोब तपासायला सुरुवात केली. ती कानाची सवय होती, तिला आवरता आली नाही. सुरुवात मोकळी. मध्ये जरा घसरण. आणि शेवटी, छे, शेवटी कुकरची शिट्टी निघते. लांबून हाक मारली तर अर्धं नाव हवेतच जाईल. एवढं सगळं तिच्या जिभेच्या टोकाशी आलं आणि तिनं ते तिथंच थांबवलं.

"अर्थ काय त्याचा?" तिनं विचारलं. आयुष्यात पहिल्यांदा तिनं कुठल्या शब्दाचा अर्थ विचारला असेल.

"फूल असते एक. पण त्याच्यासाठी नाही." मोनाली जरा लाजली. "शाळेत दिवसभर मी पोराइच्या वह्या तपासते. इंग्रजी शब्द म्हटला की मले चूकच दिसते. हा एकच आहे जो म्हणाले बरं वाटते. नुसता म्हणाले. सातव्या महिन्यापासून गच्चीवर फिरताना म्हणून राहिली होती मी. कोणालेच ऐकू नाही जाऊ देल्ला. प्रीतमलेही नाही."

एकीनं आपला शब्द अख्ख्या महालाला ऐकवला होता. दुसरीनं नवऱ्यालासुद्धा नाही. देवकी बाळाच्या मुठीकडे पाहत बसली. आपण हे नाव महिन्यातून एकदा-दोनदा घेऊ, सणावाराला घेऊ. ही मुलगी ते दिवसातून शंभरदा घेईल. आंघोळीला, जेवायला, रागवायला, शोधायला. ज्याला रोज म्हणायचं त्यानंच ठेवावं, हे इतकं साधं होतं की आजवर डोक्यात का आलं नाही याचंच तिला आश्चर्य वाटलं.

"मी सांगते तिच्या कानात," ती उठत म्हणाली.

"तुम्हाले आवडलं का, ताई?"

"ते मागाहून पाहू. साडी नेस आधी, बाया जमून राहिल्या."

बारशाला सगळं रीतीप्रमाणं झालं. कुंची घातलेला वरवंटा पाळण्याच्या खालून-वरून फिरला, बायकांनी पाळणा म्हटला, एक म्हातारी मध्येच ओळ विसरली आणि सगळ्यांनी मिळून ती गुणगुणून पुरी केली. मग देवकीला पुढं बोलावलं. ती पाळण्याशी वाकली. बाळाच्या डोक्याला तेलाचा आणि धुरीचा वास येत होता. तिनं ओठ त्या एवढ्याशा कानाशी नेले आणि नाव सांगितलं, एकदा, अगदी नीट. मागे उभ्या असलेल्या बायका याच क्षणाची वाट पाहत होत्या. आत्याच्या पाठीत धपाधप धपाटे पडले. सगळ्यांत जोराचा काकूचा होता.

"सांगा आता! काय ठेवलं?"

"आयरिस," देवकी मोठ्यानं म्हणाली.

मांडवात कुजबूज झाली. कुणी म्हटलं, काय? कुणी म्हटलं, पुन्हा सांगा. "हे कोणत्या बाटलीवर असते वं?" काकूनं विचारलं, आणि हशा पिकला.

"पाहा बाप्पा," जयवंताबाई हसत म्हणाल्या, "आत्याबाईचं इंग्रजी काही सुटत नाही!"

प्रीतम खुर्च्यांच्या मागे उभा होता. त्याचं तोंड उजळलं होतं. "माझ्या ताईनं ठेवलं," तो शेजारच्याला सांगत होता. त्याच्याकडे पाहून देवकीला एक क्षण वाटलं, असू द्यावं. मान मिळालाय, हसूही आपल्याच वाट्याला आलंय, दोन्ही घेऊन घरी जावं. मोनाली पाळण्याच्या दोरीशी उभी होती, खाली मान घालून.

"मी नाही ठेवलं," देवकी म्हणाली. आवाज दुकानातला लागला, पायरीवरून रस्त्यापलीकडे जाणारा. "तिच्या मायनं ठेवलं. मी नुसतं कानात सांगतलं."

सगळ्यांनी मोनालीकडे पाहिलं. प्रीतमनंही पाहिलं, जरा वेळ पाहतच राहिला, जसं काही ती मौद्याची कुणी नवीनच बाई असावी. मग जयवंताबाईंनी लेकीला जवळ ओढलं आणि म्हणाल्या, "मले तरी सांगाचं होतं वं, घुमी!" आणि पुन्हा गलका झाला, घुगऱ्यांची पातेली आली, द्रोण आले, बायका तिकडे वळल्या.

मोनाली देवकीजवळ आली. "ताई, आता सांगा. आवडलं का?"

देवकीला खोटं बोलता येत नव्हतं. निदान आवाजाच्या बाबतीत तरी नाही. "अजून कानाले बसलं नाही," ती म्हणाली. "शेवटी थोडं सुटते ते."

मोनालीला याचा राग आला नाही. ती विचार करून म्हणाली, "हो. मलेही वाटलं होतं तसं. पण रोज म्हटलं की बसते. आम्ही पुढच्या महिन्यात येतो प्रताप नगरले. तुम्ही दुकानाहून रोज येत जा ना तिकडे, संध्याकाळी. तुमच्या तोंडून ऐकू दे तिले."

"रोज?"

"रोज."

तेवढ्यात मोनालीला कुणी ओटी भरायला आत बोलावलं. अंगणात सगळ्यांची तोंडं द्रोणांत होती. पाळण्याजवळ देवकी एकटीच राहिली, आणि बरोबर तेव्हाच बाळ जागं झालं. आधी ओठ वाकडे झाले, मग मुठी हलल्या, मग मोठ्यानं भोकाड. देवकीनं दोरी हलवली. बाळ थांबेना. हाक मारायला हवी होती, आणि हाक मारायला आता नाव होतं.

"आयरिस," ती म्हणाली. ते महालातल्या तोंडून निघालं तसंच निघालं, मधोमध थोडं जड.

बाळ काही गप्प झालं नाही. देवकीनं पदर खोचला, पाळण्यावर आणखी वाकली आणि शेवट थोडा लांबवून पुन्हा म्हणून पाहिलं.